साठ केप आणि एक गाजर

८ सप्टेंबर, सोमवार

नवी वही. जुनी पूर्णिमाने रद्दीत घातली. त्यात माझा सहा वर्षांचा अभ्यास होता. ती म्हणते, पहिली चार पानं सोडली तर वही कोरी होती. अभ्यास डोक्यात असतो हे बायकोला समजावत बसायला मला वेळ नाही.

विषय: सुपरहिरोंचे काही सिनेमे धो धो चालतात आणि काही पहिल्याच सोमवारी आडवे होतात, ते का. या विषयावर पुण्यात माझ्याइतका विचार कुणी केला नसेल. इतरांना गरजही नाही. मला आहे. बुधवार पेठेत आमची तीन पिढ्यांची ड्रेपरी. नाटकाला, गॅदरिंगला, फॅन्सी ड्रेसला कपडे भाड्याने देतो. गॅदरिंग डिसेंबरात. दिवाळीच्या सुट्टीत जो सिनेमा चालला, त्याचा हिरो सगळ्या पोरांना व्हायचं असतं. पण कपडे आम्हाला आत्ताच शिवायला घ्यावे लागतात. म्हणजे सिनेमा यायच्या आधी मला कळलेलं असलं पाहिजे. हे काम ज्योतिषाच्या वरचं आहे.

आज अण्णांनी अल्टिमेटम दिला. अण्णा म्हणजे माझे वडील, रंगराव, वय एकोणऐंशी. दुकान त्यांच्या नावावर. रोज अकराला येतात, स्टुलावर बसतात, एकला माझा अपमान करून घरी जातात. आज म्हणाले, हा एक सीझन बघ. डिसेंबरअखेर जमलं नाही तर दुकान पोपटशेठला भाड्याने द्यायचं. पोपटशेठ म्हणजे शेजारचा मोबाईल कव्हरवाला. त्याचं दुकान आमच्या भिंतीला टेकून आहे आणि तो स्वतः दिवसभर आमच्या दाराला.

मी शांतपणे सांगितलं की, या सीझनला काय होईल ते बघाच. अण्णा म्हणाले, मागच्याही बघितलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

या दिवाळीत दोन सिनेमे येतायत. पहिला 'तिमिरांतक'. प्रचंड बजेट. हिरोला चांदीचं चिलखत, तोंडावर मुखवटा, मागे लालभडक केप. दुसरा 'वायरमन'. त्याच्या पोस्टरवर एक मध्यमवयीन माणूस विजेच्या खांबावर चढतोय. अंगात निळा शर्ट. शर्टाला घाम. बास.

हे पोस्टर बघून मी दुकानात एकटाच हसलो.

सिनेमा चालण्याचे माझे चार नियम, पुन्हा लिहून ठेवतो, कारण रद्दीत गेले:

केप पाहिजे. केपशिवाय सुपरहिरो म्हणजे जिमला निघालेला माणूस.

तोंड झाकलेलं पाहिजे.

व्हिलन हिरोपेक्षा निदान दीडपट उंच पाहिजे.

शेवटी एक अख्खं शहर पडलं पाहिजे. अर्धं पडलं तर कलेक्शनही अर्धं.

'तिमिरांतक'मध्ये चारही आहेत. 'वायरमन'मध्ये एक ट्रान्सफॉर्मर जळतो.

पूर्णिमाने विचारलं की, असले किती सिनेमे मी स्वतः बघितलेत. एकही नाही. मुद्दाम नाही. सिनेमा बघणारा माणूस वाहवत जातो. मी ट्रेलर बघतो, तेही आवाज बंद करून. डॉक्टर स्वतः आजारी पडून औषध देत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

कापड घेतलं. चांदीचं रेक्झिन, फोम, लाल सॅटिन. साठ ड्रेस करायचे. यमुनाबाईंनी टेप गळ्यात अडकवून विचारलं, साठ कशाला. या आमच्याकडे तीस वर्षं शिवतात, हडपसरहून बसने येतात, आणि पगार घेऊन वर शंका काढतात. त्यांचं म्हणणं, आधी दहा शिवू, सिनेमा येऊ दे, मग बघू. या वृत्तीमुळे मराठी माणूस मागे आहे. मी तसं बोललो. त्या म्हणाल्या, मी मागं हाय म्हणूनच तुमच्या झिपा सरळ बसत्यात, आमोददादा.

जागा करायला जुना माल माळ्यावर टाकला. मावळे, पेशवे, ऋषी, पऱ्या, सगळे. अण्णा बघत होते. वर गेलेला प्रत्येक फेटा मोजत होते. त्यांचं मोजणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं, पण हे त्यांना कळता कामा नये.

गाजर तेवढं खाली राहिलं, कारण ते जागेवर नव्हतंच. भाड्याने गेलेलं होतं. हे गाजर आईने शिवलेलं आहे, सत्तावीस वर्षांपूर्वी, केशरी वेलव्हेटचं, डोक्यावर हिरवी पालेदार टोपी. आई गेली, गाजर चालू आहे. भाजीपाला दिन, आहार सप्ताह, फॅन्सी ड्रेस. दर चार दिवसांनी कोणतीतरी आई येते आणि गाजर आहे का विचारते. मला त्या गाजराचा संताप येतो. एका भाजीने आमच्या दुकानाची प्रगती रोखून धरली आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिला ड्रेस तयार. ट्रायल म्हणून वैष्णवीला घातला. आमची मुलगी, इयत्ता तिसरी. अतिशय देखणी दिसली, म्हणजे दिसली नाही, मुखवटा होता. पण एकूण परिणाम जबरदस्त.

छोट्या अडचणी आल्या. फोममुळे बसता येत नाही. हात खाली येत नाहीत. झिप मागे असल्यामुळे बाथरूमला जायचं तर दोन मोठी माणसं लागतात, आणि आज ती दोन माणसं वेळेत सापडली नाहीत. पूर्णिमा माझ्यावर ओरडली. मी म्हणालो, सुपरहिरो बसत नाहीत. तिने मला रेक्झिन पुसायला लावलं.

वैष्णवीने विचारलं की, यात मी आहे हे आईला स्टेजवर कळणार कसं. लहान मुलांना संकल्पना समजत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

'तिमिरांतक' आला! दुकानाबाहेर ड्रेस टांगला, केप वाऱ्यावर. सकाळपासून तीन गिऱ्हाइकं. एकाने मोबाईलच्या चार्जरची चौकशी केली, एकाने दगडूशेठ गणपतीला कसं जायचं विचारलं, तिसरी बाई गाजरासाठी आली होती.

ठीक आहे. आज पहिला दिवस. खरं ओपनिंग वीकेंडला असतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

'तिमिरांतक' पडला. नुसता पडला नाही, झोपला, पांघरूण घेतलं. संध्याकाळचे शो रद्द होतायत.

मला प्रेक्षकांचा भयंकर राग आला आहे. माणसाने यांच्यासाठी करायचं तरी काय? शहर पाडलं. एक नाही, अडीच शहरं पाडली, असं पेपरात आलंय. व्हिलन तीन मजली होता. आणि हे लोक म्हणतात, बोअर झालं. यांच्या घरातली चहाची कपबशी फुटली तर आठवडाभर बोलतात आणि इथे अडीच शहरं पडून बोअर होतं.

पोपटशेठने येऊन सांत्वन केलं. बोलताना डोळ्यांनी आमच्या शटरची रुंदी मोजत होता.

अण्णा एकला उठले. जाताना केपला हात लावून म्हणाले, पडदे चांगले होतील.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

'वायरमन' आज लागला. तोही पडणार. मग दोन्ही पडले की सगळ्यांची बरोबरी होईल आणि पोरं ज्याचा ड्रेस उपलब्ध आहे तेच होतील. हा मुद्दा काल माझ्या लक्षात आला. परिस्थिती हातात आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

'वायरमन' चालतोय.

मंगळवारी सकाळी हाऊसफुल्ल. मंगळवारी सकाळी तर पुण्यात बँकासुद्धा हाऊसफुल्ल नसतात. लोक सहकुटुंब जातायत. आजोबा जातायत. पूर्णिमाची भिशी गेली. चिडून चिडून माझं डोकं उठलंय.

यमुनाबाई जावांना घेऊन हडपसरलाच बघून आल्या, आणि आज दिवसभर मशीन चालवताना गोष्ट सांगत बसल्या. गोष्ट काय, तर एका वायरमनवर वीज पडते, मग त्याच्या हातात करंट येतो, तो ज्याच्या घरात लाईट नाही तिथे जाऊन लावतो. पण दुसऱ्याच्या घरात लाईट आली की याच्या स्वतःच्या घरातली जाते. घरी बायको, पोरगा अंधारात. झालं. यात एकही शहर नाही. एका प्रसंगात हडपसरएवढी वस्ती धोक्यात येते, तीही वाचते.

मी विचारलं, मग चालतोय कशामुळे. त्यांनी पाय न थांबवता सांगितलं की, तो लोखंडी बाबा हाय ना तुमचा, त्याला काय होतंय का? गोळी लागत न्हाय, आग लागत न्हाय, बिल्डिंग पडली तर केस विस्कटत न्हाईत. मग काळजी कशाची करायची माणसानं? ह्यो गडी खांबावर चढला की माझ्या तोंडून 'आरं, उतर की' निघतंय.

मी हे वहीत उतरवून घेतोय ते केवळ नमुना म्हणून. सर्वसामान्य प्रेक्षकाची समज किती उथळ असते याचा.

९ नोव्हेंबर, रविवार

रात्रभर विचार केला. चूक सापडली. माझी नाही, निर्मात्यांची. 'तिमिरांतक'ची केप तांबडी होती, मरून पाहिजे होती.

असो. खरा व्यावसायिक पडतो आणि उठतो. पुणेकरांना 'वायरमन' पाहिजे? मिळेल. पस्तीस ड्रेस करायचे ठरवले. पण सिनेमातला शर्ट अगदीच दरिद्री आहे, तो तसाच शिवला तर भाडं कोण देणार? म्हणून मी सुधारणा केल्या. निळं सॅटिन. छातीवर सोनेरी वीज, बॅटरीवर लुकलुकणारी. खांद्याला फोम. आणि छोटी केप. छोटी ठेवली, कारण लोकांना साधेपणा आवडतोय.

अण्णांना डिझाईन दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि विचारलं की, वायरमन केप घालून खांबावर चढला तर ती अडकणार नाही का तारेत. सिनेमा न बघता बोलू नये माणसाने.

२३ नोव्हेंबर, रविवार

लाईट लुकलुकत नाहीत. बुधवार पेठेत राहतो आम्ही, चारही बाजूंनी इलेक्ट्रॉनिकची दुकानं, आणि मला मिळालेल्या पस्तीस सर्किटपैकी नऊ चालू. दुकानदाराशी भांडलो. त्याने सांगितलं, विकलेला माल परत नाही, पाटी वाचा. पाटी वाचली. पाटीवर आणखीही तीन अपमान होते.

यमुनाबाईंची बोटं सॅटिनने सोलली. रविवारीही येतात. मी म्हणालो, सीझन संपला की तुम्हाला नवीन मशीन घेऊ. त्या म्हणाल्या, आधी दुकान राहू द्या. राग आला, पण त्यांच्यावर नाही. कुणावर ते ठरवायला वेळ नव्हता.

६ डिसेंबर, शनिवार

सीझन सुरू. सकाळी एक आई आली, सोबत मुलगा. मुलगा बाहेर टांगलेल्या लुकलुकत्या वायरमनकडे बघत उभा राहिला. मी मनात म्हटलं, पहिला. मापं घ्यायला टेप काढली.

मुलगा म्हणाला, हा वायरमन नाहीये.

मी समजावलं की आहे, उलट जास्त आहे. तो म्हणाला, वायरमनला केप नसते, त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं असतं आणि खिशात टेस्टर असतो. आईने भाडं विचारलं, ऐकलं, आणि मुलाला म्हणाली, कशाला रे, पप्पांचा निळा शर्ट आहे की. बाह्या दुमडू. टेस्टर घरात आहे.

दोघं खुशीत गेली. जाताना आईने मला थँक्यू म्हटलं. आयडियाबद्दल.

१३ डिसेंबर, शनिवार

आठवडाभरात एकवीस आया. वीस वेळा पप्पांचा शर्ट. एकदा मामाचा.

आता मला कळलं हा सिनेमा इतका का चालतोय. हा कट आहे. ज्या हिरोचे कपडे प्रत्येक घरात खुंटीला टांगलेले आहेत असा हिरो मुद्दाम काढला आहे, म्हणजे पोरं थिएटरमधून घरी येतात आणि पाच मिनिटांत हिरो होतात, फुकट. मग ती परत बघायला जातात. मग पप्पांनाही घेऊन जातात, कारण शर्ट पप्पांचा असतो आणि पप्पांना वाटतं सिनेमा आपल्यावरच आहे. एका तिकिटाची चार झाली. हे सगळं माझ्या चार नियमांत बसत नाही. नियम चुकीचे नाहीत. नियमांवर अन्याय झाला आहे.

पोपटशेठने काय केलं? 'वायरमन'चं चित्र छापलेली मोबाईल कव्हर दोन दिवसांत आणली. रांग होती. माझ्या पायरीवर रांग होती. मी म्हणालो, पायरी आमची आहे. तो म्हणाला, हो, पंधरा दिवस आहे की अजून. या माणसाला कधीतरी मी असं काही सुनावणार आहे की बस. वाक्य तयार करतोय.

गाजर: गेलं, आलं, गेलं. अण्णांनी माळ्यावरून मावळेसुद्धा उतरवले. स्वतः शिडी लावून, एकोणऐंशीव्या वर्षी, मी जेवायला गेलो असताना. अकरा गेले.

२० डिसेंबर, शनिवार

वैष्णवीच्या शाळेचं गॅदरिंग. फॅन्सी ड्रेस. मी तिच्यासाठी चालू सर्किटवाला वायरमन राखून ठेवला होता. स्टेजवर एकदा तो लुकलुकला असता तर शंभर पालकांच्या डोळ्यांत भरला असता. सकाळी ड्रेस पलंगावर ठेवला होता. संध्याकाळीही पलंगावरच होता.

स्टेजवर एकामागून एक सतरा वायरमन आले. सगळे वडिलांच्या शर्टात, बाह्या दुमडलेल्या, कुणाचा शर्ट गुडघ्याखाली. एकाने वरचं बटण मुद्दाम तोडलं होतं आणि त्याची आई माझ्या शेजारी बसून हसत रडत होती. लोक टाळ्या वाजवून दमले. मी वाजवल्या नाहीत.

मग गाजर आलं.

गाजर वैष्णवी होती. पूर्णिमाने सांगितलं, तिने आजोबांकडे हट्ट करून आठ दिवस आधी बुक केलं होतं. माझ्याच दुकानातून, मला न सांगता. ती माईकपाशी आली, सगळ्यांना तोंड दिसत होतं, आणि म्हणाली, हे माझ्या आजीने शिवलंय, यात बसतापण येतं. आणि स्टेजवर मांडी घालून बसली.

तिसरा नंबर आला. मला राग यायला पाहिजे होता. घरी येईपर्यंत वाट बघितली. आला नाही. उद्या येईल.

२८ डिसेंबर, रविवार

आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा बघायला गेलो, वैष्णवीला घेऊन. 'वायरमन'. नववा आठवडा, हडपसरचं थिएटर, तरीही मागच्या रांगा भरलेल्या. कपड्यांतल्या चुका शोधायला गेलो होतो. तसं पूर्णिमाला आधीच सांगितलं होतं.

चुका: शर्टाची शिवण पहिल्या भागात डबल आहे, नंतर सिंगल.

एवढीच सापडली. कारण नंतर तो पावसात खांबावर चढला, आणि खाली त्याचा मुलगा टॉर्च धरून उभा होता, आणि टॉर्चचे सेल संपत आलेले. वैष्णवीने घाबरून माझा हात धरला. ती म्हणते, मी तिचा धरला होता. यावर घरी येईपर्यंत वाद झाला.

सिनेमा सामान्य आहे. लोकांची अभिरुची घसरली आहे. शेवट मला दिसला नाही, चष्म्यावर काहीतरी आलं होतं.

३१ डिसेंबर, बुधवार

अण्णांनी पोपटशेठशी बोलणं पूर्ण केलं. सहा तारखेला किल्ली द्यायची. मी ओरडलो. दुकानात, गिऱ्हाइकासमोर, म्हणजे गिऱ्हाईक असतं तर त्याच्यासमोर. म्हणालो, तीन पिढ्यांचं दुकान, एका शर्टापायी? अण्णा केशरी वेलव्हेटवरची धूळ झटकत होते. मग म्हणाले, तुझी आई शिवायच्या आधी पोरांना विचारायची, तुला काय व्हायचंय.

मी बाहेर टांगलेला लुकलुकता वायरमन आत घेतला.

यमुनाबाईंनी त्यांची कात्री रुमालात गुंडाळून नेली. जाताना म्हणाल्या की, पोरीचं माप वाढलंय, गाजराला खालून चार बोटं जोडून देते, घरी आणा.

५ जानेवारी, सोमवार

शेवटचा दिवस. पोपटशेठला एसी लावायचाय, त्याला जास्त लोडचं मीटर पाहिजे, म्हणून आमचं जुनं काढायला वीज कंपनीचा माणूस आला. खराखुरा वायरमन. चेतन नाव, तिशीतला, निळा शर्ट, खिशात टेस्टर. बटणं सगळी होती. मी त्याच्याकडे इतकं रागाने बघितलं की तो दोनदा म्हणाला, साहेब, अर्जावर सही तुमच्या वडिलांचीच आहे.

शिडीवरून उतरल्यावर तो घुटमळला. मग भिंतीशी रचलेल्या रेक्झिनकडे बोट करून विचारलं की, हा लोखंडी ड्रेस भाड्याने देता का. मुलगा सात वर्षांचा आहे, उद्या त्याच्या शाळेत फॅन्सी ड्रेस.

मी म्हणालो, अहो, तो कशाला, सगळं पुणं वायरमन होतंय, तुमच्या घरी तर खरा शर्ट आहे.

तो हसला. म्हणाला, त्याला वायरमन नकोय. सिनेमाला नेला होता, अर्ध्यातून रडत बाहेर आला. मी खांबावर असतो तेव्हा तो रोज आईला विचारतो, बाबा उतरले का. त्याला असा हिरो पाहिजे ज्याला काही होत नाही.

मी सगळ्यात लहान मापाचा तिमिरांतक काढला. केप नीट घडी केली. झिप मागे आहे, बाथरूमला जाऊन मग घाला, असं सांगितलं. भाडं घेतलं नाही. परत आणू नका, ठेवा, म्हणालो. अण्णा स्टुलावर होते. एक वाजून गेला होता तरी उठले नव्हते. त्यांनी माझा अपमान केला नाही.

मीटर निघालं. आत अंधार आहे, दारात पायरीवर बसून लिहितोय.

एक गेला. एकोणसाठ राहिले. पुण्यात एकूण वायरमन किती, त्यात मुलंबाळं असलेले किती, याची नीट चौकशी केली तर हे सगळे जातील. माझा अंदाज मुळात बरोबरच होता, फक्त गिऱ्हाईक सापडायला उशीर झाला. उद्या सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम हेच.

उद्या दुकान पोपटशेठ उघडणार आहे.